‘हम दोनो’ आणि आपण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे, कोसाड येथे आमच्या एका स्नेह्यांच्या घरी रविवारी सायंकाळी पाचसात मंडळी गाणे ऐकण्यासाठी जमतात. मंडळी बहुतेक खानदेशातली. दोन पिढ्यांपूर्वी पोटासाठी सुरतेस आलेली. कुणी मागावर राबून आता घरी बसलेले, कुणी शिक्षक, कुणी आमच्यासारखे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे. भीमसेन, कुमार आणि किशोरीताई यांच्या पलीकडे ही बैठक सहसा जात नाही. त्या दिवशी मात्र आम्ही आग्रह धरून, नाव न सांगता, एक निराळी चीज ऐकविली. विजेची गिटार, सॅक्सोफोन, तुतारीच्या कुळातले एक मृदू वाद्य, ढोलताशांचा विलायती संच आणि या सर्वांखाली चालणारा एक खर्जाचा तंतू. चीज संपली. रुळांवरून एक गाडी धडधडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत कुणी बोलले नाही. मग मंडळींतले सर्वांत वडील आप्पा म्हणाले, “वकीलसाहेब, हे आपलं म्हणायचं का त्यांचं?”

प्रश्न साधा होता, आणि साध्या प्रश्नांचे असते तसेच झाले : आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. “वाजविणारा गोव्याचा, मुंबईत जन्मलेला,” एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण पत्ता सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. ही पत्रिका मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांच्या वाचकांपुढे जाते, तेव्हा आप्पांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर देण्यास हीच जागा योग्य, असे आम्हांस वाटते.

ती चीज होती ‘बॅलड फॉर गोवा’, १९६९ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकेतली. आणि वाजविणारे होते अमान्सिओ डिसिल्वा.

डिसिल्वांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोवेकर आईबापांच्या पोटी झाला. ते ज्या मुंबईत वाढले, त्या मुंबईस जाझ हे परके राहिलेले नव्हते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्याच्यामागून आलेल्या मंडळींच्या शेजारी बसून गोव्याच्या मुलांनी ही विद्या आत्मसात केली. ती त्यांना इतक्या लवकर साधली याचे कारण ऐतिहासिक आहे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, व्हायोलीन आणि समूहगान शिकविले जाई. अक्षरओळखीबरोबर स्वरांची ओळख होई. पोटासाठी मुंबईस आलेला गोवेकर धोबीतलावच्या ‘कुडां’त वळकटी टाकी, तेव्हा त्याच्याजवळ दुसरे भांडवल नसले तरी लिहिलेले संगीत वाचण्याचे भांडवल असे. हॉटेलांच्या नृत्यगृहांना, मूकपटांना आणि पुढे बोलपटांना नेमके तेच हवे होते.

या मंडळींपैकी एकदोन नावे तरी मराठी वाचकास ठाऊक असावीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, ‘मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले गेले. आमच्या सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्यांचा ताफा प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा उद्योग मुंबईत केला. १९७७ च्या एका गाजलेल्या चित्रपटामुळे त्यांचे नाव देशभर पोरासोरांच्या तोंडी झाले, पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, त्याने प्यारेलालांसारख्यांच्या हाती व्हायोलीन दिले आहे, हे किती जणांना ठाऊक होते? नाव तोंडी आणि माणूस विस्मृतीत, ही या साऱ्या परंपरेची कहाणी आहे. डिसिल्वांची कहाणी तिच्यातलेच एक प्रकरण होय. फरक इतकाच, की डिसिल्वांचे नावही आपल्या तोंडी आले नाही.

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगता येईल. तरुणपणी त्यांनी हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजविले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांना आश्रय दिला. ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ या त्यांच्या दोन रचनांत त्या दिवसांची खूण राहिली आहे. आयरिश पत्नी जॉइस यांच्या नावाने आणि त्यांच्या मुलखाच्या आठवणीने केलेली ‘जॉइस कंट्री’ ही रचनाही त्यांच्याशेजारीच आहे. १९६७ साली, घरातल्या लेकराच्या औषधोपचारासाठी, हे कुटुंब लंडनला गेले. कलेच्या दिग्विजयासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. हा माणूस बाप म्हणून गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे डेनिस प्रेस्टन या रसिक निर्मात्याने त्यांना हेरले, आणि १९६९ या एका वर्षात त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या : आधी ‘इंटिग्रेशन’, मागून ‘हम दोनो’. १९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’, १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाखाली ‘ड्रीम सीक्वेन्स’. त्यानंतर त्यांच्या नावाने फारसे काही बाजारात आले नाही. १९९६ साली लंडनमध्येच त्यांचे निधन झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डिसिल्वांचा उल्लेख जेथे म्हणून होतो तेथे तो ‘इंडो-जाझ’ या सदराखाली होतो, आणि हे सदर लंडनमध्ये त्यांच्या आधीच उघडले गेले होते. कलकत्त्याचे जॉन मेयर हे व्हायोलीनवादक आणि रचनाकार. जमैकाचे जो हॅरियट हे अव्वल दर्जाचे आल्टो सॅक्सोफोनवादक. याच प्रेस्टन यांच्या पुढाकाराने या दोघांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जाझ स्वीट’ सादर केले. त्याची मांडणी मोठी सुबक होती. एका बाजूस जाझची पाच वाद्ये, दुसऱ्या बाजूस सतार, तबला, तंबोरा इत्यादि पाच. तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे. लंडनच्या त्या काळातील जाझमध्ये एका मराठी माणसाचा ठेका इतक्या ठिकाणी घुमतो आहे, हे आमच्या संगीतविषयक ग्रंथांनी अद्याप पुरतेपणी नोंदविलेले नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.

मेयर यांच्या मांडणीची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तथापि आमच्या धंद्याची भाषा वापरावयाची तर तो एक ‘करार’ होता. करारात दोन पक्ष असतात, ते समोरासमोर बसतात, अमुक मी देईन आणि तमुक तू देशील असे ठरते, आणि करार कितीही सलोख्याने पार पडला तरी अखेरीस पक्ष दोनच राहतात. त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आता सतारीची पाळी, आता सॅक्सोफोनची, असे कान आपोआप मोजू लागतात. सौंदर्य आहे, पण सरहद्दही आहे.

डिसिल्वांची ‘इंटिग्रेशन’ लावा. तीत सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, इयान कार यांची तुतारी, डेव्ह ग्रीन यांचा खर्जाचा तंतू, ट्रेव्हर टॉम्किन्स यांचे ताल, आणि डिसिल्वांची गिटार. पियानोदेखील नाही. कागदावर पाहिले तर विलायतेतल्या कोणत्याही जाझ-पंचकासारखे हे पंचक. असे असताना ‘गँजिस’, ‘जयपूर’ या रचना ऐकून कोसाडचा मागवाला “हे आपलं का?” असे विचारतो, ते कशाच्या बळावर? वाद्याच्या बळावर नव्हे. मग कशाच्या?

येथे गिटार या वाद्याच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. गिटारीच्या दांड्यावर पडदे पक्के बसविलेले असतात. प्रत्येक स्वर आपापल्या खणात बंद. एका खणातून दुसऱ्यात उडी मारता येते. मधली वाट चालता येत नाही. आमच्या संगीताचा प्राण तर त्या मधल्या वाटेत, मींडेत आहे. गिटारवादकास यावर एकच तोड असते : तार आडवी ओढणे. तार ताणली की स्वर खणाची भिंत ओलांडून वर चढतो. अमेरिकेतल्या ब्लूज गायकांच्या गिटारी हेच करून रडतात. सतारियाही पडद्यावर तार खेचून हेच साधतो. म्हणजे जी कृती नीग्रो गायकाच्या दुःखाची, तीच आमच्या आलापीची. डिसिल्वांचे बोट तार ओढते तेव्हा ते या दोहोंपैकी कोणाची नक्कल करते, असे विचारण्यात अर्थ उरत नाही. ते दोन्ही एकाच ओढीत येतात.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मींड ही एका स्वराची गोष्ट झाली. गिटार एका वेळी अनेक स्वर बोलू शकते, आणि पियानो नसल्यामुळे या पंचकात स्वरसंवादाचा सारा भार गिटारीवरच पडतो. हिंदुस्थानी संगीताने वाढविलेल्या कलावंतास हा भार पेलणे अवघड जाते, कारण आमच्या रागात एकाच धाग्याचे विणकाम असते. शेजारी दुसरा धागा चालविण्याची आम्हांला सवय नाही. गोव्याला ती आहे. मांडो ऐकलेल्या वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. एक आवाज चाल धरतो, दुसरा तिच्याखाली तिसऱ्या स्वराच्या अंतरावरून सावलीसारखा चालतो. व्हायोलीन साथीला, ताल घुमटाचा. संथ चालीत विरहाची कळा, आणि मग मांडो संपताच दुलपदाची उडती लय. एकाच गाण्यात युरोपचा स्वरसंवाद आणि आपल्या मातीतले हेल एकमेकांत असे मुरले आहेत, की ते वेगळे काढू पाहणाऱ्याच्या हाती गाणे उरत नाही. एकोणिसाव्या शतकात लोटलीसारख्या गावांच्या घरांतून हे घडत होते. लंडनने १९६६ साली ज्याचा शोध लावला, तो संसार गोव्याच्या अंगणांत शंभर वर्षे सुखाने चालला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, की डिसिल्वांच्या संगीतात ‘करार’ नाही, ‘वारसा’ आहे. वारशाने आलेल्या घरातली कोणती वीट आजोबांची आणि कोणती पणजीच्या माहेरची, हे वारसाला सांगता येत नाही. आणि त्याची त्याला गरजही नसते. तो त्या घरात राहतो. कोसाडचेच उदाहरण घ्या. आप्पांच्या घरात अहिराणी बोलतात, दुकानात गुजराती, पत्र मराठीत लिहितात. एका वाक्यात तिन्ही भाषा येऊन जातात. परंतु “मी आता तीन भाषांचा संगम साधतो आहे,” असा आव आप्पांनी कधी आणलेला नाही. संगमाची घोषणा तोच करतो, जो काठावर उभा असतो.

हे सर्व मान्य केले तरी एका मोहापासून स्वतःस आवरले पाहिजे. डिसिल्वांच्या प्रत्येक सुरावटीत मांडो शोधीत बसणे, हे रसिकतेचे लक्षण नव्हे. त्यांनी आपल्या रचनांना गंगेचे नाव दिले, जयपूरचे दिले, मुंबईच्या रस्त्याचे आणि गोव्याचेही दिले. पत्नीच्या मुलखालाही त्यात जागा ठेवली. इतका मोकळा माणूस एकाच गावच्या चावडीवर बांधून घालणे हा त्याच्यावर अन्याय होईल. वारसा म्हणजे दावे नव्हेत.

‘हम दोनो’ हे त्यांचे सर्वोत्तम काम, असे आमचे मत आहे. या वेळी जोडीस होते स्वतः जो हॅरियट. मेयर यांच्या मांडणीत एका पक्षाचे पुढारी म्हणून बसलेले हॅरियट येथे मित्र म्हणून येतात, आणि फरक पहिल्या काही क्षणांत जाणवतो. त्यांना समोरच्याच्या रागाचे व्याकरण पाळावयाचे नाही. गिटारीने सहज टाकलेला शब्द उचलून पुढे न्यावयाचा आहे. शिवाय नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज आहे. त्या शब्द गात नाहीत. स्वर गातात, वाद्यांच्या पंक्तीत बसून. आमच्या श्रोत्याला यात नवल वाटत नाही, कारण शब्दावाचून गाणे हे आलापीमुळे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. विलायतेतल्या गायिकेने आपल्या वाटेने त्याच ठिकाणी यावे, आणि तिची गाठ एका गोवेकराच्या चालीशी पडावी, यात अपूर्वाई आहे.

‘हम दोनो’ हे नाव १९६१ सालच्या हिंदी चित्रपटामुळे मुंबईकराच्या ओळखीचे. या दोघांच्या बाबतीत त्याला एक निराळा अर्थ येतो. एक किंग्स्टनचा, एक मुंबईचा. दोघेही एकाच साम्राज्याच्या मावळत्या किनाऱ्यांवर जन्मलेले, दोघेही त्या साम्राज्याच्या राजधानीत उपरे. हॅरियट १९५१ मध्ये लंडनला गेले आणि १९७३ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, वारले. ‘हम दोनो’ म्हणताना त्यात अभिमान जितका, तितकेच एकटेपण आहे. ‘बॅलड फॉर गोवा’मधले गोवे हे नकाशावरचे गोवे नव्हे. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाने दुरून, दोन समुद्रांपलीकडून पाहिलेले ते घर आहे. कोसाडच्या मंडळींना ते भिडले त्याचे हेच कारण असावे. त्यांच्याही घरांत खानदेश असाच आहे.

पुढील कामाविषयी इतक्या मोकळ्या मनाने बोलता येत नाही. ‘रिफ्लेक्शन्स’मध्ये गिटार प्रणयमधुर करण्याच्या नादात तिची धार गेली आहे, दिवाणखान्यात हलक्या आवाजात लावून ठेवावी अशी ती ध्वनिमुद्रिका झाली. ‘ड्रीम सीक्वेन्स’मध्ये डिसिल्वांनी दोन्ही बाजू व्यापणारी एकच दीर्घ रचना योजिली आणि मेयर, केशव साठे, सतारीवर विराम जसानी अशी मोठी मंडळी जमविली. त्यात साठ्यांचा तबला आणि डिसिल्वांची गिटार समोरासमोर येतात ते क्षण मोलाचे आहेत. एक मराठी, एक कोंकणी. या पत्रिकेच्या वाचकांनी केवळ त्यासाठी ती ऐकावी. पण समग्र रचना पाहता गर्दी फार होते. जे काम पूर्वी एक तार ओढून होत होते, ते करण्यासाठी येथे सतार हजर आहे. आणि सतार आली की पुन्हा दोन पक्ष आले. ज्या करारातून डिसिल्वांनी आपली सुटका करून घेतली होती, त्यावर येथे त्यांनीच सही केल्यासारखे वाटते.

आणि मग ‘कोंकण डान्स’. नावातच आपले नाव असलेली ही ध्वनिमुद्रिका सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुद्रित झाली, आणि पडून राहिली. ती प्रसिद्ध झाली २००६ साली. डिसिल्वांना जाऊन तोपर्यंत दहा वर्षे झाली होती. जगात आज त्यांच्या ध्वनिमुद्रिका शोधणारे, जपणारे आणि पुन्हा काढणारे लोक आहेत. ते बहुतांशी युरोपातले आहेत. आम्ही काय केले? आम्ही मराठी भाषिकांनी त्यांना ‘गोव्याचे वादक’ म्हणून कोंकणीच्या खात्यावर लिहिले. कोंकणीच्या अभिमान्यांनी ‘इंग्रजी संगीत’ म्हणून लंडनच्या खात्यावर. दोन भावांनी एकमेकांवर ढकललेल्या ऋणासारखी ही गत झाली. भाषेचा वाद घालताना दोन्ही बाजूंनी शब्दांची मालकी तासून पाहिली. ज्याच्या कलेत शब्दच नाहीत, त्याचा दावा कोणीही लावला नाही.

येथे कायद्याचा एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. आमच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला किंवा गायकाला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले : आपल्या कलेसोबत आपले नाव लागावे, असे मागण्याचा हक्क कलावंताला मिळाला. पण त्याच दुरुस्तीत एक अपवाद आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो या कायद्यापुरता कलावंतच नव्हे; आपल्या कामाची मोडतोड झाल्यास तक्रार करण्याएवढाच हक्क त्याला उरतो. कायदा करणाऱ्यांच्या व्यावहारिक अडचणी आम्ही जाणतो. तरी वाचकांनी या तरतुदीचा आशय क्षणभर मनात घोळवावा. ज्याचे नाव न घेण्याची रूढी आहे, त्याने नाव मागू नये! आमच्या चित्रपटगीतांमागे उभ्या राहिलेल्या शेकडो गोवेकर वादकांच्या वाट्याला ही रूढी कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून आली होती. आणि ती रूढी निर्मात्यांनी जितकी पाळली, तितकीच आम्हां टीकाकारांनीही. गाण्याचे रसग्रहण लिहिताना कवी, संगीतकार, गायक या तिघांवर आमची लेखणी थांबते. चौथ्या ओळीत कोण बसले होते, हे आम्ही विचारले नाही. डिसिल्वा त्या ओळीतून उठून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचना घेऊन उभे राहिले, म्हणून त्यांच्याविषयी लिहिता तरी येते.

टीकेचे पहिले कर्तव्य मूल्यमापन, असे आम्ही आजवर मानीत आलो. आता वाटते, की त्याच्याही आधी एक कर्तव्य आहे : नाव घेणे. जे नाव घेतले जात नाही, त्याचे मूल्यमापन होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

राहता राहिले आप्पांचे उत्तर. पावसाळा सरल्यावर पुन्हा कोसाडला बैठक झाली तेव्हा आम्ही ते देण्याची तयारी करून गेलो होतो. करार, वारसा वगैरे सर्व काही. पण आप्पांनी तोंड उघडू दिले नाही. मोबाईलला जोडलेला तो छोटा स्पीकर पुढे सरकवीत ते म्हणाले, “आधी ते गोव्याचं लावा. आणि या खेपेला वाजवणाऱ्याचं नाव सांगून लावा.”

आम्ही नाव सांगितले. मग लावले.